लेड झेपलिन ३ : दुसरी बाजू कोण कोण ऐकतं?

माळरान

मंडळी, भाच्यामुळे हा धागा काढतोय. १४ वर्षांचा आहे, थॉर रॅग्नारॉक बघितला आणि त्यातल्या मारामारीला जे गाणं लागतं त्याच्या मागे लागला, मामा हे कोणाचं, मामा असलंच अजून दे. मी खूष. म्हटलं इमिग्रंट साँग ना, अरे ते लेड झेपलिन ह्या इंग्लिश रॉक बँडच्या तिसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं, अख्खा अल्बमच ऐक, तुकडे तुकडे ऐकू नको.

दोन दिवसांनी फोन. म्हणे पहिली पाच गाणी एक नंबर, मग पुढे काय झालं ह्यांना? पुढची पाच झोपेची आहेत.

मी उत्तर द्यायला गेलो आणि मला नीट देताच येईना. कारण मी स्वतः त्या वयात हेच म्हणालो होतो. सांगलीला मित्राच्या मोठ्या भावाची कॅसेट होती, ए बाजू घासून घासून आवाज दबला होता आणि बी बाजू कोरी करकरीत. आज ३० वर्षांनी माझं बरोब्बर उलटं झालंय, ए बाजूचं सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू सोडलं तर मी बी बाजूच लावतो. दॅट्स द वे सुरू झालं की हातातलं काम थांबतं. पण हे असं का झालं ते १४ वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? वय झालं की कळेल असं मला त्याला सांगायचं नाहीये, मला ते कोणी सांगितलं असतं तर मी अजिबात ऐकलं नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला अल्बम जानेवारी १९६९, दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमधे, दोन्ही दणदणीत, आणि दीड वर्षात अमेरिकेचे पाच दौरे. माणसं पिळून निघाली. १९७० च्या वसंतात गायक रॉबर्ट प्लांट आणि गिटारवाला जिमी पेज वेल्समधल्या डोंगरात एका जुन्या दगडी घरात जाऊन राहिले, ब्रॉन-इर-आउर नाव त्याचं. प्लांट लहानपणी घरच्यांबरोबर सुट्टीला तिथे गेलेला. वीज नाही, नळ नाही. त्यामुळे हातात काय, तर साध्या लाकडी गिटारी. तिथून जे सुचलं ते ऑक्टोबर १९७० च्या ह्या अल्बमात आलं आणि बऱ्याच लोकांना वाटलं की हा बँड मऊ पडला.

तर बोला. तुम्ही ही बाजू कधी आणि कशी ऐकायला लागलात?

कडकलक्ष्मी

भाच्याला माझा पाठिंबा :)

मला हा अल्बम आवडतो पण दुसऱ्या बाजूबद्दल जे पवित्र होऊन बोललं जातं ते मला पटत नाही. गॅलोज पोल उत्तम, दॅट्स द वे उत्तम, टँजरीन ठीक. शेवटचं हॅट्स ऑफ टू रॉय हार्पर मी आजवर चार वेळासुद्धा पूर्ण ऐकलं नसेल. जुन्या ब्लूजचे तुकडे, स्लाइड गिटार आणि थरथरवलेला आवाज, बस. रॉय हार्पर हा इंग्लंडचा लोकगायक, त्याच्याबद्दल ह्यांना प्रेम होतं, मान्य, पण प्रेम आहे म्हणून गाणं चांगलं होतं असं नाही.

आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बॉनम कुठे आहे? जगातला सगळ्यात भारी ड्रमर तुमच्याकडे आहे आणि दॅट्स द वे मधे ड्रमच नाहीत? मी ड्रम्स शिकलेय म्हणून मला हे जास्त टोचत असेल.

सहा तारा

@कडकलक्ष्मी, बॉनम दुसऱ्या बाजूला आहे हो, फक्त दाराआड उभा आहे. गॅलोज पोल परत ऐका. फाशीच्या खांबाशी उभा असलेला माणूस एकेकाची वाट बघतोय, भाऊ येतोय, बहीण येतेय, काही सोडवायला आणलंय का विचारतोय. सुरुवातीला नुसती एक गिटार. मग मँडोलिन येतं, ते बेसवाल्या जॉन पॉल जोन्सने वाजवलंय. मग बँजो येतो, तो पेजने वाजवलाय आणि त्याआधी त्याने बँजो कधी धड हातात धरला नव्हता, जोन्सचाच बँजो उचलला आणि वाजवायला लागला. आणि बॉनम अर्ध्या वाटेवर येतो, तोही मारत नाही, चालायला लागतो, आणि मग शेवटपर्यंत ते गाणं पळतच सुटतं. हे जर पहिल्या सेकंदापासून ड्रम्स लावून केलं असतं तर फाशीची घाई आपल्याला कळलीच नसती. शांत सुरू झालं म्हणून ती कळते.

ब्रॉन-इ-आउर स्टॉम्प मधे तर बॉनम चक्क चमचे वाजवतोय. स्वयंपाकघरातले चमचे. हे गाणं प्लांटच्या कुत्र्यावर आहे, स्ट्रायडर नाव. (आणि हो, घराचं नाव अल्बमवर चुकीचंच छापलंय, इर मधला र गळलाय.)

धागाकर्त्यांना: भाचा गिटार वाजवतो का? वाजवत असेल तर सगळं सोपं आहे, सांगतो.

माळरान

वाजवतो की. वर्षभर क्लास चालू आहे. घरी साधी लाकडी गिटार आहे, इलेक्ट्रिक पाहिजे म्हणून हट्ट चाललाय.

धोबीतलाव

धागा वाचून रंगभवन आठवलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, धोबी तलावाला उघडं नाट्यगृह होतं, तिथे आय-रॉक नावाचा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीहून लोकलने जायचो आणि शेवटची गाडी पकडून घरी. पायऱ्यांवर बसायचं, म्हणजे बसायचं कसलं, उभंच राहायचं. स्टेजवर पोरं जिवाच्या आकांताने वाजवायची. एका वर्षी एका बँडने मधेच दोन स्टुलं मागवली, लाकडी गिटारी काढल्या आणि हळू आवाजात काहीतरी सुरू केलं. स्वतःचं गाणं होतं त्यांचं, कव्हर नाही. दोन मिनिटं पण झाली नसतील आणि मागून ओरडा सुरू झाला. मी पण ओरडत होतो. त्यांनी गाणं अर्ध्यात सोडलं आणि मेटलचं कव्हर घेतलं आणि मग आम्ही सगळे नाचलो.

त्या गाण्याची सुरुवातीची ओळ मला अजून पाठ आहे. शेवट काय होता ते कधीच कळणार नाही. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

झेपलिनचंही हेच झालंय की. १९७० पासून ते मैफलीत मधेच खुर्च्या मांडून बसायला लागले आणि लाकडी वाद्यांवर वाजवायला लागले. ४ सप्टेंबर १९७० चा लॉस एंजेलिसच्या फोरम ह्या सभागृहातला कार्यक्रम कोणीतरी चोरून रेकॉर्ड केला होता, तो जगभर फिरला. अल्बम यायला महिना बाकी. हजारो लोक दुसऱ्या अल्बमची धडधड ऐकायला आलेले आणि त्यांच्यासमोर हे दॅट्स द वे वाजवतायत, जे कोणी ऐकलेलंच नाही. त्याला जी हिंमत लागते ती इमिग्रंट साँगच्या किंकाळीला लागत नाही असं माझं मत.

ओलं अंगण

मी बर्मिंगहॅमला असते. त्या घराच्या जवळ जाऊन आलेय म्हणून लिहिते.

माखन्लेथ नावाचं छोटं गाव आहे, इथून थेट ट्रेन जाते, श्रूजबरी ओलांडलं की डबे रिकामे होत जातात आणि खिडकीत नुसती मेंढरं आणि हिरवे डोंगर. गावापासून वर डोंगरात ते घर. खासगी घर आहे, लोक राहतात, त्यामुळे आम्ही जवळ गेलो नाही, लांबूनच बघून परत फिरलो, तुम्ही कोणी गेलात तर तसंच करा प्लीज. खाली डवी नदीची दरी. पाऊस पडत नव्हता पण सगळं ओलं होतं, आणि मला अगदी आमच्या आंबोलीची आठवण आली, तसाच वास, तसंच धुकं खालून वर येणारं.

मी हेडफोन लावून दॅट्स द वे ऐकायचं ठरवून गेले होते. नाही लावले. तिथे इतकं शांत होतं की कपड्यांचा आवाज ऐकू येत होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे लोक तिथे एकटे बसून साधना करत नव्हते हो, असं आपल्याला वाटतं फक्त. प्लांटची बायको आणि लहान मुलगी बरोबर होती, पेजची मैत्रीण होती, बँडचं सामान सांभाळणारी दोन माणसं होती, कुत्रा होता. म्हणजे पाणी आणायचं, लाकडं पेटवायची, मुलीला सांभाळायचं, आणि रात्री शेकोटीपाशी गिटार. घरातली माणसं आजूबाजूला असताना कोणी ॲम्प्लिफायर लावून वाजवत नाही. ती गाणी ऐकताना मला ते घर ऐकू येतं. जागेचा आवाज आहे तो, ठरवून केलेला मऊपणा नाही.

दॅट्स द वे चं आधीचं नाव द बॉय नेक्स्ट डोअर होतं. शेजारच्या मुलाशी खेळू नको असं घरून सांगितलेल्या मुलाचं गाणं. भाच्याला हे सांगा, १४ वर्षांच्या मुलाला हे नक्की कळेल.

निळी शाई

वा, काय लिहिलंय ओलं अंगण. आंबोली वाचून अंगावर काटा आला.

मी रॉकवाली नाही. पुण्यात बारा वर्षं व्हायोलिन शिकले, हिंदुस्थानी. हा अल्बम मला नवऱ्याने ऐकवला आणि मी फ्रेंड्स ह्या दुसऱ्या क्रमांकाच्या गाण्यावरच अडकले. पहिल्या बाजूला आहे ते, म्हणजे भाच्याला 'आवडलेल्या' पाचात. गंमत म्हणजे ते गाणं सगळं लाकडी गिटारवरच आहे, खाली व्हायोलिनं आहेत, विजेची गिटार नाहीच. म्हणजे पोराला जोर आवडतोय आणि तो जोर विजेतून येतोय असं त्याला वाटतंय, पण तसं नाहीये. फ्रेंड्समधे एक सूर खालून सतत धरून ठेवलाय आणि त्याच्यावर सगळं उभं आहे. ते मला लगेच ओळखीचं वाटलं, तंबोऱ्यासारखं.

मग शेवटी सगळं घरंगळत एका घुमणाऱ्या आवाजात जातं आणि त्यातूनच पुढचं सेलिब्रेशन डे उगवतं. नवऱ्याने सांगितलं की सेलिब्रेशन डे ची सुरुवात स्टुडिओत चुकून पुसली गेली होती, म्हणून सिंथेसायझरच्या सुराने दोन गाणी शिवली. मला तो जोड अल्बमातली सगळ्यात सुंदर जागा वाटते.

सहा तारा

निळी शाई, तुम्ही अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. तंबोरा का वाटतो त्याचं कारण गिटार लावण्यात आहे. फ्रेंड्ससाठी पेजने तारा नेहमीसारख्या लावलेल्याच नाहीत. जाड तारेकडून बारीक तारेकडे सी-ए-सी-जी-सी-ई. सी ला सा धरलं तर सा-ध-सा-प-सा-ग. सहा तारांत तीन सा आणि एक प! नुसता हात फिरवला तरी खोली भरते.

माळरान, भाच्यासाठी कृती देतो. नेहमीच्या ट्युनिंगवरून तीनच तारा बदलायच्या. सगळ्यात जाड सहावी तार ई वरून खाली सी पर्यंत ढिली करायची. चौथी डी वरून खाली सी. दुसरी बी वरून अर्धा सूर चढवून सी. बाकी तिन्हीला हात लावायचा नाही. मग डावा हात सोडून द्यायचा आणि नुसतं उजव्या हाताने वाजवायचं, पाच मिनिटं. काही शिकवू नका, काही सांगू नका. त्याला स्वतःला कळू दे की त्याच्या घरातल्या लाकडी गिटारीत केवढा आवाज आहे.

पेजला हे काही १९७० मधे अचानक सुचलेलं नाही. पहिल्या अल्बमवर ब्लॅक माउंटन साइड म्हणून दोन-सव्वादोन मिनिटांचं वाजवणं आहे, वेगळ्या ट्युनिंगमधे, आणि त्याला तबल्याची साथ आहे, वीरम जसानी ह्यांची. १९६९ मधे! त्याच अल्बमवर बेब आय ॲम गॉना लीव्ह यू ची लाकडी सुरुवात आहे, दुसऱ्यावर रॅम्बल ऑन आहे, थँक यू आहे. टँजरीन तर पेजने त्याच्या आधीच्या बँडच्या, यार्डबर्ड्सच्या दिवसांत सुरू केलेलं. म्हणजे तिसऱ्या अल्बमला बँड बदलला हेच मला चूक वाटतं, आधी जी खोली बंद होती तिचं दार उघडं टाकलं इतकंच.

कडकलक्ष्मी

ठीक आहे, गॅलोज पोल काल रात्री चार वेळा ऐकलं. बॉनम आल्यावर बास ड्रम कुठे पडतो ते मोजत बसले. मागे घेते, दाराआड आहे हे बरोबर आहे.

पण मग तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. पहिल्या बाजूचं सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू. तेही मंदच आहे, सात मिनिटांहून जास्त, विलंबित म्हणा हवं तर. खाली जोन्सचा ऑर्गन, आणि नीट ऐकलंत तर बॉनमच्या पायातलं पेडल कुरकुरतंय ते ऐकू येतं, प्रत्येक ठोक्याला चीं चीं. तेल घातलं नव्हतं. काढता आलं असतं, राहू दिलंय. मला ते आवाज साफ केलेल्या कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा प्रिय आहे. तर मंद म्हणजे मऊ नाही, लाकडी म्हणजे मऊ नाही, मग हा अल्बम मऊ आहे असं लोक म्हणाले ते कशावरून? बी बाजूवरून फक्त?

धोबीतलाव

मला वाटतं अपेक्षेवरून. दुसऱ्या अल्बमनंतर लोकांना त्यातल्या होल लॉटा लव्ह ह्या दणदणीत गाण्याचा भाग दोन पाहिजे होता. टीकाकारांनी तर सरळ लिहिलं की क्रॉसबी, स्टिल्स अँड नॅश ह्या लाकडी गिटारवाल्या त्रिकुटाची लाट बघून हे लाकडी गिटारी घेऊन बसले. हे पेजला इतकं लागलं की त्याने जवळजवळ दीड वर्ष पेपरवाल्यांना मुलाखती दिल्या नाहीत. आणि चौथ्या अल्बमवर १९७१ मधे बँडचं नाव नाही, अल्बमला नाव नाही, काहीच नाही, नुसती चार चिन्हं. ऐका आणि ठरवा.

खप पण बघा. तिसरा अल्बम इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरला गेला, पण आधीच्या दोघांसारखा टिकला नाही. अमेरिकेत दुसऱ्याला १२ वेळा प्लॅटिनम (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती), तिसऱ्याला ६ वेळा. बरोब्बर निम्मं. आणि तरी माघार घेतली नाही. चौथ्यावर बॅटल ऑफ एव्हरमोर आहे, गोइंग टू कॅलिफोर्निया आहे, आणि ज्या गाण्याने सगळं जग जिंकलं ते स्टेअरवे टू हेवन लाकडी गिटार आणि बासरीसारख्या रेकॉर्डरवरच सुरू होतं ना? तिसरा नसता तर चौथा नसता. हे मी पैजेवर सांगतो.

कुलाबा कॉजवे

धागा उशिरा दिसला. एवढं फ्रेंड्सबद्दल बोललात आणि मुंबई कोणीच आणली नाही?

पेज आणि प्लांट दोघं १९७२ मधे मुंबईत आले होते. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाचा क्लब होता, तिथे जाऊन वाजवलं, समोर जेमतेम मूठभर लोक. आमच्या गल्लीतल्या जुन्या मंडळींपैकी प्रत्येकजण म्हणतो मी होतो, सगळे खरं बोलत असतील तर क्लबची भिंत पाडावी लागली असती. पण महत्त्वाचं ते नाही. त्याच भेटीत ते इथल्या स्टुडिओत गेले, इथले वादक घेतले आणि दोन गाणी रेकॉर्ड केली, चौथ्या अल्बमचं फोर स्टिक्स आणि तिसऱ्याचं फ्रेंड्स. बँडच्या आख्ख्या संग्रहातून हे निवडलं बघा.

ते टेप अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, कोडा अल्बमच्या मोठ्या आवृत्तीत आहेत, बाँबे ऑर्केस्ट्रा असं लिहिलंय. वादकांची नावं कव्हरवर मोठ्या अक्षरात असायला हवी होती असं मला दर वेळी वाटतं. सिनेमाच्या गाण्यांना सकाळ-संध्याकाळ वाजवणारी आपली माणसं ती.

निळी शाई, तुम्ही ऐकून सांगा ना, मला व्हायोलिनमधलं कळत नाही.

निळी शाई

ऐकलं. आत्ताच, दोनदा. कुलाबा कॉजवे, तुमचे फार फार आभार, मला हे माहीतच नव्हतं.

मूळ गाण्यात जोन्सने बसवलेली व्हायोलिनं ढगासारखी खालून दाटून येतात, थोडी भीतीदायक. मुंबईच्या रेकॉर्डिंगमधे ती भीती नाही, तालवाद्यांमुळे गाणं जमिनीवर बसल्यासारखं वाटतं, मांडी घालून. एकदोन ठिकाणी सगळे एकमेकांचा अंदाज घेतायत ते जाणवतं, कोणी आधी येतो, कोणी नंतर. तालमीची टेप असावी तसं. पण म्हणूनच मला ते आवडलं. माझे गुरुजी म्हणायचे की दोन वेगळ्या घराण्यांचे वादक पहिल्यांदा बसले की पहिला अर्धा तास ऐकण्यासारखा असतो, कारण तेव्हा सगळे एकमेकांना ऐकत असतात.

१९९४ मधे पेज-प्लांट परत एकत्र आले तेव्हाही फ्रेंड्स घेतलंच होतं, ह्या वेळी इजिप्शियन वादकांना बरोबर घेऊन. दॅट्स द वे, गॅलोज पोल पण. म्हणजे २४ वर्षांनी बाकी ढीगभर गाणी असताना हात ह्याच अल्बमकडे गेला.

माळरान

सगळ्यांना दंडवत. एवढं सापडेल असं वाटलं नव्हतं.

अपडेट देतो. शनिवारी बहिणीकडे गेलो. भाच्याला अल्बमबद्दल चकार शब्द बोललो नाही. सहा तारांनी सांगितलं तशा तीन तारा फिरवल्या आणि गिटार त्याच्या मांडीवर ठेवली, म्हटलं डावा हात लावू नको, नुसतं वाजव. त्याने एकदा हात फिरवला आणि थांबला. परत फिरवला. मग कान गिटारीला लावला आणि परत. पाच मिनिटं नाही, जेवायला हाक येईपर्यंत चाललं होतं. माझी आई आतून आली आणि म्हणाली तंबोरा कोणी आणला घरात?

रात्री मी फ्रेंड्स लावलं आणि नुसतं म्हटलं हे तुझ्या गिटारीचं ट्युनिंग. तो काही बोलला नाही. पण झोपताना बघितलं तर हेडफोनवर बी बाजू चालू होती, टँजरीन. आवडली का ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

एक अडचण आहे. सहावी तार ढिली केल्यावर फार खडखडते, फ्रेटवर आपटते. काय करू?

सहा तारा

बारीक तारा असणार, क्लासवाले बहुतेक दहाचा सेट टाकून देतात (आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). बाराचा सेट टाका, जाड तार सी पर्यंत उतरवली तरी ताण राहील. आणि त्याला सांगा जोरात मारू नको, बोटाच्या मांसाने वाजव, नखाने नको. दॅट्स द वे चं ट्युनिंग वेगळं आहे. हे हाताला बसलं की लिहा, ते पण देतो.